पोटखराब्यातली पीएचडी

रत्नागिरीत कुणी पाण्याचा अभ्यास करतं म्हटलं की ऐकणाऱ्याची मान आपोआप पश्चिमेकडे वळते. पाणी म्हणजे समुद्र, हे इथं गृहीतच आहे. झाडगावचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र १९५८ पासूनचं, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासूनचं, आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळी नुसता कानोसा घेतला तरी गावात दुपारी काय शिजणार ते कळतं. अशा गावात गोड्या पाण्याकडे बघायला वेळ कुणाला? गोडं पाणी विहिरीत असतं, मे महिन्यात ते नसतं, आणि नसलं की टँकर येतो. विषय संपला.

माझ्या भाचीचा विषय नेमका इथून सुरू होतो. गोड्या पाण्याची आणि पाणथळ जागांची परिसंस्था, असं तिच्या प्रबंधावर लिहिलेलं आहे. नात्यागोत्यात त्याचं 'डबकी' झालं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतं, "काय करते हल्ली तुमची भाची?" मी सांगतो, "डबकी." "अजून?" या 'अजून'मध्ये काळजी असते, थोडी सहानुभूती असते आणि एखादं स्थळही दडलेलं असतं. बँकेत असती तर 'अजून' कुणी म्हटलं नसतं.

तिची प्रयोगशाळा म्हणजे सडा. गावाबाहेर पडलं की जांभ्याची काळी, खडबडीत, उन्हात भाजून निघालेली पठारं लागतात. त्यांच्यापैकी पुष्कळ जागेपुढे सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असा शेरा असतो. पिकत नाही, म्हणून सारा नाही. सारा नाही, म्हणून सरकारला तिथं काही दिसत नाही. उन्हाळ्यात मलाही दिसत नाही. पण मृगाच्या सरी लागोपाठ दोन-चार दिवस कोसळल्या की या कातळाच्या खळग्याखळग्यातून पाणी धरतं. कुठं परातीएवढं, कुठं अंगणाएवढं, खोली बहुतेकदा वीतभर. ऑगस्टअखेरीस सीतेची आसवं आणि पांढरे गेंद फुलले की सड्यावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. त्या गेंदांपैकी एकाच्या शास्त्रीय नावातच आपला जिल्हा आहे, एरिओकॉलॉन रत्नागिरिकम. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावाला केवढा आनंद झाला होता. या बिचाऱ्या गेंदाला ते कुणाकडे अर्ज न करता मिळालेलं आहे, पण त्याची पेटी भरता येत नाही.

भाची फुलांकडे पाठ करून डबक्यात बघते. ती काय बघते हे बघायला मीही एकदा गुडघे टेकून बसलो. प्रथम काहीच दिसेना. मग नखाएवढं, जवळजवळ पारदर्शक असं काहीतरी पाण्यात सरकलं, तेही उताणं, पाय आभाळाकडे करून. "फेअरी श्रिंप," ती म्हणाली. कोळंबीचं फार लांबचं नातलग. मासे असलेल्या पाण्यात याचा निभाव लागत नाही, म्हणून जिथं मासा पोचूच शकत नाही असं वर्षातून काही महिने टिकणारं पाणी यानं निवडलं. आयुष्य काही आठवड्यांचं. तेवढ्यात वाढायचं, जोडीदार शोधायचा आणि डबकं आटायच्या आत अंडी घालून मोकळं व्हायचं. पुढं ती अंडी तळाच्या चिमूटभर मातीत पडून राहतात. एप्रिलमधल्या कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. ही अंडी तिथं महिनोन्‌महिने भाजतात आणि तरी जिवंत असतात. पुन्हा पाऊस आला की फुटतात, पण सगळी नाहीत. पहिल्या पावसानं फसवलं, मध्येच आठवडाभर कडक ऊन पडून पाणी गेलं, तर सगळा वंश एका झटक्यात बुडायला नको म्हणून काही अंडी त्या वर्षी गप्प राहतात. आगोटीची बेगमी करणारी कोकणातली बाई सगळं सुकट एकाच बरणीत भरत नाही, तसंच हे.

असल्या एका प्राण्याचं २०१४ मध्ये क्रिस्टोफर रॉजर्स आणि पुण्याचे समीर पाध्ये यांनी प्रथम शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला सह्याद्रीचं नाव दिलं, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. सह्याद्रीवर पोवाडे झाले, कादंबऱ्या झाल्या, गडावरच्या दगडादगडावर पुस्तकं झाली. त्याच्या डबक्यातल्या या रहिवाशाची नोंद व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, याचं मला वाईट वाटायला लागलं तेव्हा भाची म्हणाली, "मामा, त्याला काही फरक पडलेला नाही." खरं आहे. पंचाईत झालेली असते ती संशोधकाची. त्याची नेमणूक प्रकल्पावर. डबकं पावसाळ्यानंतर आटतं, प्रकल्प एकतीस मार्चला आटतो, आणि पुढच्या जूनची खात्री दोघांनाही नसते. माझी बहीण फोनवर मुलीला दर महिन्याला विचारते, "पर्मनंट कधी होणार गो?" मुलगी सांगते, "आई, मी ज्यांचा अभ्यास करते त्यांच्यातलं कुणीच पर्मनंट नाही." हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असलं तरी आईला पटण्यासारखं नाही.

या लोकांची हत्यारंही बघण्यासारखी असतात. समुद्रवाल्यांकडे बोटी असतात, सोनार असतो. गोड्या पाण्याच्या अभ्यासकाच्या पिशवीतून दोरीला बांधलेली एक चकती निघते. १८६५ मध्ये अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूनं, जो मुळात खगोलशास्त्रज्ञ होता, पोपच्या जहाजावरून पांढऱ्या चकत्या भूमध्य समुद्रात सोडून पाणी किती पारदर्शक आहे ते मोजलं. चकती दिसेनाशी होते ती खोली लिहायची, बस. सरोवरांसाठी आज वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची चकती वापरतात. दीडशेहून जास्त वर्षं उलटली, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि तळ्याची पारदर्शकता अजून चकती बुडवूनच बघतात. जुलैत काजळी नदीचं तांबडं पाणी भाट्याच्या खाडीत उतरत असतं तेव्हा ही चकती पाण्याला टेकते आणि गडप होते. सड्यावरच्या डबक्यात उलटा प्रकार: चकती तळाला लागते तरी स्वच्छ दिसत असते, आणि काही डबक्यांत तर ती मावतच नाही.

दुसरं प्रकरण बाटल्यांचं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये बसवून दिली. बुडबुडा न येऊ देता बाटली भरायची, त्यात दोन रसायनं सोडायची, तपकिरी साका बसतो, मग आम्ल घालायचं. आता इलेक्ट्रॉनिक मीटर आले आहेत, पण पावसात ते हमखास रुसतात आणि मग विंकलरसाहेबांनाच शरण जावं लागतं. हे सगळं सामान एसटीनं न्यायचं. शेजारच्या आसनावरचे काका आधी बाटल्यांकडे बघतात, मग तिच्याकडे, मग विचारतात, "औषध काय?" ती म्हणते, "नाही, पाणी आहे." काका खिडकीबाहेर बघतात. बाहेर मुसळधार पाऊस पडत असतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथं कुणी बाटलीत जपून पाणी नेत असेल तर माणसानं काय समजायचं?

सड्यावर एकट्या मुलीनं डबक्यापाशी ओणवं होऊन तासतास बसणं हा तर सार्वजनिक कुतूहलाचाच विषय. गुरं घेऊन जाणारी एक आजी रोज थांबायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काय गो बाय, काय पडलं काय? अंगठी?" दुसऱ्या दिवशी अंगठी शोधायला स्वतःच शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी खरी गोष्ट कळल्यावर म्हणाली, "मग आधी बोलायचं नाय काय? हितं काय बघतेस, त्या चिरेखाणीत बघ, थंय बेडूक बघ कसले हायेत." सोडलेल्या चिरेखाणीत पावसाचं पाणी साठतं आणि बेडकांची वसाहत होते, ही माहिती भाचीला चार इंग्रजी निबंध वाचून मिळाली असती. आजीकडून ती एका सुपारीच्या खांडाच्या मोबदल्यात मिळाली.

सगळेच इतके प्रेमळ भेटतात असं नाही. सड्यावर नकाशा, दोरी आणि जीपीएस घेऊन फिरणारा माणूस सर्व्हेवाला असतो, आणि सर्व्हेवाला आला की पाठोपाठ काहीतरी येतं, हे राजापूर तालुक्याला कुणी शिकवायला नको. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणावरून जे रणकंदन झालं, त्यानंतर तर अनोळखी चेहरा दिसला की चौकशी ठरलेली. "कुणाकडून आलात?" "काय होणार आहे इथं?" भाची सांगते, "काही होणार नाही. जे आहे ते बघायला आल्ये." हे उत्तर सगळ्यात संशयास्पद ठरतं. काहीच होणार नसताना सरकारी खर्चानं कुणी दोरी घेऊन येईल, यावर विश्वास ठेवण्याइतका कोकणी माणूस भोळा नाही. त्याचं चूकही म्हणवत नाही.

या विद्येचे पहिले जाणकार कोण, याबद्दल माझं एक मत आहे आणि ते भाचीलाही मान्य आहे. कर्नल सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर निबंध छापला. त्यानं कितीतरी माशांना जी शास्त्रीय नावं दिली ती नदीकाठच्या माणसांच्या तोंडून ऐकलेली. ओढ्यात दगडाला चिकटून बसणारा मळ्या आजही जगभरच्या ग्रंथांत गारा मुल्या म्हणून आहे, महसीरांपैकी एक टोर खुद्री म्हणून. निबंधावर नाव साहेबाचं एकट्याचं. जाळ्यातून मासा सोडवून 'याला हे म्हणतात' असं सांगणाऱ्याला सहलेखक करायची पद्धत तेव्हा नव्हती. आताही फारशी नाही.

पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे उलट्या धारेनं वहाळात, पऱ्ह्यात आणि तिथून भातखाचरात चढतात. चढणीचे मासे धरायला कंदील घेऊन निघालेल्या माणसाला त्यांचं वेळापत्रक पाठ असतं: कुठल्या पावसाला, कुठल्या बांधाच्या कुठल्या फटीतून, आधी कोण आणि मागून कोण. ते पोटात गाबोळी घेऊन अंडी घालायला निघालेले असतात, हेही त्याला ठाऊक असतं, आणि ती गाबोळीच जास्त चवदार असते हेही. इथं भाची आणि तिचा मामा यांच्यात मतभेद आहेत. ती म्हणते, चढणीला मासा धरणं म्हणजे पुढची पिढी तव्यावर घालणं. मी तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतो, जेवण झाल्यावर. तिच्या बाजूनं बोलणारा एक दाखला मात्र आपल्याच लोकांनी घालून दिलेला आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत देवीच्या नावानं मासे राखलेले आहेत. त्यांना कुणी धरत नाही, लोक कुरमुरे घालतात. कायद्याला न घाबरणारा माणूस तिथं पाण्यात हात घालायला घाबरतो.

कायद्याचं म्हणाल तर तो वाचताना मला फार करमणूक झाली. पाणथळ जागांसंबंधीचे केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. व्याख्या उदार मनानं सुरू होते: नैसर्गिक असो की कृत्रिम, कायमची असो की तात्पुरती, गोडी, मचूळ, खारी, सगळी पाणथळच. वाचून आमच्या डबक्याचे डोळे भरून येणार इतक्यात वाक्य वळण घेतं आणि नदीचं पात्र वगळतं, भातशेती वगळतं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले साठे वगळतं, मिठागरं वगळतं. चढणीचा मासा नदीतून निघून भातात पोचेपर्यंत सारा प्रवास वगळलेल्या जागेतूनच करतो. आणि जागतिक पाणथळ दिन साजरा होतो २ फेब्रुवारीला, कारण इराणमधल्या रामसर गावी १९७१ मध्ये त्या तारखेला करार झाला. महाराष्ट्रात रामसर यादीतल्या जागा म्हणजे नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी. आमच्या सड्यावर २ फेब्रुवारीला पाण्याचा टिपूस नसतो. तरी एका वर्षी भाचीनं शाळेतली मुलं तिथं नेली. मुलांनी कोरड्या खड्ड्याभोवती गोल करून पाणथळ वाचवायची शपथ घेतली. एकानं प्रामाणिकपणे विचारलं, "ताई, पण हे वाचलेलं नाहीच ना?" खड्ड्यातली चिमूटभर माती घरी नेऊन पाण्यात भिजत घालायला तिनं सांगितलं. त्या मुलाच्या आईचा दोन आठवड्यांनी फोन आला, की लोणच्याच्या बरणीत काहीतरी पोहतंय, ते फेकायचं की कसं?

आता जरा नाजूक गोष्ट. सड्याला खरा धोका कुणाचा, हे रत्नागिरीत मोठ्यानं बोलायची सोय नाही, कारण उत्तरात हापूस येतो. कातळाला सुरुंग लावायचा, खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि कलमं लावायची, अशी बागायत गेल्या काही दशकांत पुष्कळ सड्यांवर झाली. माणसानं कातळातून आंबा काढला, याचं मला अजूनही कौतुक आहे. पण जितिन विजयन, अपर्णा वाटवे, वरद गिरी, रोहित नानिवडेकर आदी अभ्यासकांनी कोकणातल्या सड्यांवरचे दगड उलटून उलटून खालच्या पाली वगैरे जीव पाहिले, तेव्हा इथले काही प्राणी बागांमध्ये कमी झालेले दिसले. माझा एक बागायतदार मित्र यावर म्हणाला, "अरे, पण पालीला काय पेटीमागं भाव मिळतो?" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. मित्र दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात घरी दोन डझन पाठवतो, हेही एक कारण असेल.

पैशांशिवाय कुणाचं चाललंय म्हणा. सह्याद्रीतल्या एका चिमुकल्या, जमिनीत पुरून घेणाऱ्या बेडकाचं वर्णन २०१७ मध्ये सोनाली गर्ग आणि एस. डी. बिजू यांनी केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'सेप्फी'. कुठल्या ऋषीचं नाव असेल असं मला वाटलं होतं. ते क्रिटिकल इकोसिस्टम पार्टनरशिप फंड या निधीच्या आद्याक्षरांवरून आहे. पूर्वी राजाश्रयाला असलेला कवी काव्यात धन्याचं नाव गुंफायचा. आता बेडकाला निधीचं नाव मिळतं. मला यात गैर वाटत नाही. वाघाच्या नावावर पैसे आपोआप येतात, वाशिष्ठीतल्या मगरी दाखवायला बोटी निघतात. बेडकाला स्वतःची ओळख स्वतःच करून द्यावी लागते.

इतक्या बारक्या गोष्टीतून मोठं काही निघतं का, असं मी भाचीला एकदा विचारलं होतं. तिनं एव्हलिन हचिन्सनचं नाव सांगितलं. आधुनिक परिसंस्थाशास्त्राच्या जनकांत ज्याला मोजतात तो हा येल विद्यापीठातला माणूस. सिसिलीत पालेर्मोजवळ सांता रोझालियाच्या देवस्थानाखाली एक लहानसं तळं त्याला दिसलं. त्यात पाणकिड्यांच्या दोन जाती, एक मोठी, एक छोटी. ते बघून त्याला प्रश्न पडला, की जगात प्राण्यांच्या इतक्या जाती का, दहापट का नाहीत किंवा दहाच का नाहीत? १९५९ मध्ये त्यावर त्यानं लिहिलेला निबंध अजून वाचला जातो. हा गृहस्थ १९३२ मध्ये लडाखच्या सरोवरांवर येऊन गेला होता. कोकणात उतरला असता तर देवळाखालच्या कुंडांनी त्याला परत जाऊ दिलं नसतं. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडातल्या पाण्यात २०२० मध्ये एक नवा मासा नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि त्या माशापायी २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथं हात जोडत होते, आणि मासा खाली निवांत होता.

मला स्वतःला जास्त आवडते ती चतुराची गोष्ट. पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात अंडी घालणारा पँटाला नावाचा पिवळसर चतुर आपण सगळ्यांनी लहानपणी दोरा बांधून छळलेला आहे. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला, की जिथं उघड्यावर गोडं पाणी जवळजवळ नाहीच त्या बेटांवर दर ऑक्टोबरात हे चतुर येतात कुठून? २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की ते भारताकडून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. म्हणजे पोटखराब्यात जन्मून, वीतभर पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन, परदेशी जाणारा हा आपल्याकडचा आणखी एक. बहिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बघ, डबक्यातला किडा आफ्रिकेत जातो, आणि आमची अजून सड्यावर."

भाची हल्ली एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेल्या वेळात राजापूरच्या गंगेच्या मागावर आहे. उन्हाळे गावाजवळच्या डोंगरावरची ती चौदा कुंडं. एरवी ठणठणीत कोरडी, साधारण तीन वर्षांनी केव्हातरी एकदम भरून वाहायला लागतात, काही आठवडे-महिने राहतात आणि जातात. अलीकडे तर तीन वर्षांचाही हिशेब राहिलेला नाही. येणाऱ्या पाण्याबरोबर पहिल्या दिवशी कोण कोण जीव येतात, हे तिला बघायचं आहे, त्यामुळे निरोप मिळाल्याबरोबर पोचणं भाग. गंगेनं निरोप पाठवला तो नेमका परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या आठवड्यात. 'नमुने गोळा करणे' या कारणासाठी रजा मिळणार नाही, असं कार्यालयातून स्पष्ट सांगण्यात आलं; नियमात बसत नाही. मग तिथल्याच एका अनुभवी लिपिकांनी तिला नवा कागद दिला आणि कारण स्वतः सांगून लिहवून घेतलं, 'गंगास्नान'. सही पाच मिनिटांत झाली. वर साहेबांनी एक रिकामी बाटली दिली, येताना तीर्थ आणायला. तिनं ती आधी विंकलरच्या पद्धतीनं, बुडबुडा न येऊ देता भरली.